यशदीपला खातं नाही

चेतना खोब्रागडे रायपूरच्या रेल्वे क्वार्टरांत लहानाची मोठी झाली. वडील हरिदास मालगाडीचे डबे दुरुस्त करायच्या कारखान्यात फिटर. आजोबा भंडाऱ्याकडून त्याच कारखान्यात कामाला आले आणि परत जायचं राहूनच गेलं. घरात मराठी, गल्लीत हिंदी आणि भाजीवालीशी छत्तीसगढी, हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. ते हवेतच होतं.

तिच्याबद्दल सांगायचं तर आधी तिचा राग सांगायला पाहिजे. तो भडकायचा नाही. तिची आई म्हणायची, "या पोट्टीच्या पोटात राग विरजणासारखा लागते. वरून पाहाल तं काहीच दिसत नाही." शाळेत बाकावरच्या एका मुलीनं सरांकडे तिची खोटी चुगली केली, तेव्हा चेतना भांडली नाही. त्याच बाकावर, तिच्या खांद्याला खांदा लावून बसली आणि परीक्षा संपेपर्यंत तिच्याशी एक शब्द बोलली नाही. शेवटी ती मुलगीच रडत घरी आली. आईनं दोघींना समोरासमोर बसवून पोहे दिले. चेतनानं पोहे खाल्ले, ताटली धुतली आणि अभ्यासाला बसली.

कॉम्प्युटरचा कोर्स करून ती समता कॉलनीतल्या एका तपासणी केंद्रात लागली. रक्ताचे, लघवीचे रिपोर्ट तयार करायचे, डॉक्टरांना पाठवायचे, जुने शोधून द्यायचे. काम तिच्या स्वभावाला मानवलं. लग्न झालं ते यशदीपशी. तो अभनपूरचा, सिंचन खात्यातल्या बाबूचा मुलगा, नवा रायपुरात एका खासगी कंपनीत नोकरीला. सासरे लग्नाआधीच गेले होते. सासू सत्यभामा आणि नणंद साक्षी अभनपूरच्या घरी राहायच्या. ही दोघं रायपुरात भाड्याच्या घरात. पुढं ईरा झाली.

त्या घरातले फोटो काढायचे ते चेतनानं. ईराचं जावळ, ईराचा पहिला दात, अभनपूरच्या अंगणात मिरच्या वाळत घालणारी सासू, दीक्षाभूमीवर गर्दीत सगळ्यांना एका चौकटीत बसवायची धडपड. चेतनाची आई कावीळ होऊन दवाखान्यात होती, तेव्हाही तिनं एक छोटा व्हिडिओ काढला. त्यात आजी खाटेवरून ईराला म्हणते, "टाटा कर नं व माय," आणि ईरा उलटा हात हलवते. आई त्यानंतर घरी आली नाही.

फोन भरून जायला लागला तेव्हा यशदीप म्हणाला, "एकच खातं काढू. मी माझ्या नावानं घेतो, सगळ्यांचे फोटो तिथं जमा होत जातील." तिला ते सोयीचं वाटलं. फोन विचारायचा, जागा मोकळी करू का? ती हो म्हणायची. फोटो दिसत तर होतेच. ते नक्की कुठं आहेत आणि कोणाच्या नावावर आहेत, हा प्रश्न नवराबायकोत कोण विचारतं?

यशदीपचं ऑफिसातल्या एका बाईशी जुळलं. चेतनानं विचारलं तेव्हा तो नाही म्हणाला. परत विचारलं तेव्हा तिच्या नोकरीवर घसरला, तिच्या वडिलांवर घसरला, शेवटी ईरासमोर म्हणाला की तुझ्या डोक्यावर परिणाम झाला आहे. वर्षभर तो हेच म्हणत राहिला, आणि वर्षभरानंतर कळलं की तिचं डोकं ठीक होतं. ती ईराला घेऊन रायपुरातच गुढियारीत वडिलांकडे निघाली, त्या दिवशी सासू अभनपूरहून आलेली होती. मटार सोलत बसली होती. सून बॅग ओढत दारातून बाहेर पडली तरी सत्यभामाबाईंनी मान वर केली नाही. हे चेतनानं बघून ठेवलं.

मग चेतनाकडून फारकतीसाठी वकिलाची नोटीस गेली. ती यशदीपच्या हातात पडली त्या दिवशी चेतना केंद्रात जेवणाच्या सुट्टीत होती. शेजारची मुलगी म्हणाली, "दीदी, ईरा के बचपन की फोटो दिखाओ ना." चेतनानं डाव्या हातानं फोन उघडला. पोळीचा घास उजव्या हातातच होता. पडद्यावर ओळींमागून ओळी पांढऱ्या होत होत्या. आधी तिला वाटलं नेटवर्क गेलं असेल. मग मधूनच एक फोटो दिसायचा आणि डोळ्यांदेखत जायचा. ईरा टबात बसलेली, गेली. आई गॅलरीत केस विंचरताना, गेली. शेवटी पडद्यावर एक कोरं चित्र आलं आणि त्याखाली लिहिलेलं, इथं अजून काही नाही.

तिनं त्याला फोन लावला. त्याला काही घाई नव्हती.

"फोटो कुठं गेले?"

"खातं माझ्या नावावर होतं. साफ केलं मी."

"ईराचे होते त्याच्यात. माझ्या आईचे होते."

"नोटीस पाठवाच्या आधी विचार कराचा होता."

तिनं फोन ठेवला, हात धुतले आणि दुपारचे सगळे रिपोर्ट वेळेत काढले. एकातही चूक नव्हती. घरी जाताना ऑटोत बसल्या बसल्या तिनं ठरवलं. ह्याच्याकडून काही काढून घ्यायचं नाही. असं काहीतरी उभं करायचं की ते मागायला ह्याला माझ्या दारात यावं लागेल, आणि मी देणार नाही. हे ठरल्यावर तिला त्या दिवसातला पहिला मोकळा श्वास आला.

कंपनीला तिनं लिहून पाहिलं. उत्तर सभ्य होतं: खातं ज्याचं, त्याचीच विनंती चालते, आणि कचरापेटीही रिकामी केलेली आहे. रागाच्या भरात यशदीपनं स्वतःचंही सगळं त्यातच घालवलं होतं. त्याच्या बापाचे फोटो, त्याच्या कॉलेजातले, त्याच्या मांडीवरची ईरा. वेगळी प्रत त्यानं कुठंच ठेवली नव्हती. हे त्याच्या ध्यानात यायला वेळ लागणार होता. चेतनाच्या ते त्याच संध्याकाळी ध्यानात आलं.

मग ती गोळा करत सुटली. कपाटाच्या तळाशी तिचा जुना फोन होता, काच फुटलेला. गोल बाजाराजवळच्या एका दुरुस्तीवाल्याकडून दुसरा पडदा लावून घेतला, तर आत ईराची दोन वर्षं जशीच्या तशी सापडली. साक्षीनं भावाला न सांगता तिच्या फोनमधलं सगळं पाठवलं. "वहिनी, दादानं हे बरोबर नाही केलं," एवढं म्हणाली. गोंदियाच्या मावशीकडून आईचे फोटो आले. बालवाडीच्या ताईंकडून स्नेहसंमेलनाचे आले. ज्याच्या फोनवर तिनं कधी काळी एखादा फोटो पाठवला होता, त्या प्रत्येकाकडे ती गेली आणि लाज न बाळगता मागून आणला. बरंचसं परत आलं. दवाखान्यातला तो व्हिडिओ नाही आला. तो तिनं कोणाला पाठवलाच नव्हता.

केंद्रातली कॉम्प्युटरं सांभाळायला दिवाकर यायचा. तिनं त्याला विचारलं की हे सगळं ठेवायचं कसं.

"दीदी, एक बड़ी हार्ड डिस्क ले लो, अलमारी में रख दो. झंझट खत्म."

"अलमारी में रखने के लिए नहीं चाहिए भैया. सबको दिखना चाहिए. और चाबी मेरे पास रहनी चाहिए."

दिवाकर हसला. म्हणाला, मग घरातच सर्व्हर बसवा. छोटासा लागतो. घरातल्या कोपऱ्यात बसतो, दिवसरात्र चालू राहतो, ज्याला खातं द्याल तो कुठूनही फोनवर उघडून बघेल. ज्याला नाही द्याल, तो नाही. शेवटचं वाक्य तो सहज बोलून गेला. चेतना त्याच्याकडे बघत राहिली.

पहिला प्रयत्न फसला. केंद्रानं मोडीत काढलेला एक जुना कॉम्प्युटर तिनं घरी आणला, दिवाकरच्या सांगण्यावरून त्यात सगळं चढवलं आणि मधल्या खोलीत टेबलाखाली ठेवला. हिवाळा होता, कूलर बंद, घर शांत. त्या शांततेत त्याचा पंखा घरघरायला लागला. हरिदास पलंगावर उठून बसले. आयुष्यभर हातोड्यांच्या आणि रिव्हेटांच्या गजरात काम केलेला माणूस. निवृत्त झाल्यापासून त्यांच्या कानात सतत कीर्र वाजायचं. बारीकशी घरघरही त्यांना सहन होत नसे.

"हे काय लावून ठेवलं व?"

"फोटोंसाठी आहे बाबा."

"फोटो काय पीठ दळून राहिले का?"

तिनं तो बंद केला. दुसऱ्या आठवड्यात दिवाकरनं तिला कुठल्याशा ऑफिसातून मोडीत निघालेला एक लहान डब्यासारखा कॉम्प्युटर आणून दिला, जेवणाच्या डब्यापेक्षा थोडा मोठा. त्यात पंखाच नव्हता. वरचं जाड पत्र्याचं अंगच उष्णता बाहेर टाकायचं. त्याला दोन डिस्क जोडल्या, दोन्हींत तेच ते, म्हणजे एक मेली तरी दुसरी राहील. वीज गेली तर म्हणून घरच्या इन्व्हर्टरची तार त्याला दिली. बाकीचं तिनं स्वतः केलं. रोज केंद्रातून आली की चहा घेऊन बसायची, व्हिडिओ बघायची, एक ओळ लिहायची, चुकायची, परत लिहायची. दिवाकरला फोन करून करून तिनं हैराण केलं. कोणी म्हणालं असतं की हे शिकायची हौस आहे, तर तिनं होकार दिला असता. पण ती हौस नव्हती. प्रत्येक वेळी काही अडलं की तिला तो पांढरा होत जाणारा पडदा आठवायचा आणि ती पुन्हा बसायची.

पंखा नव्हता तरी आवाज होताच. डिस्क फिरताना बारीक गुणगुण यायची, मधूनच टकटक. ती वैतागली. हरिदास उठून आले, डिस्क ज्या लाकडी फळीवर ठेवल्या होत्या तिच्यावर तळहात ठेवून थोडा वेळ उभे राहिले.

"डब्याचा आवाज नाही हा. फळीचा आहे. फळी थरथरून राहिली."

त्यांनी स्वयंपाकघरातलं जाळीचं कपाट रिकामं करून मधल्या खोलीत आणलं, ज्यात चेतनाची आई दूध आणि भाजी ठेवायची. जाळीतून हवा खेळते, म्हणाले. सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापल्या, कपाटात आडव्या ताणून बांधल्या आणि दोन्ही डिस्क त्या पट्ट्यांवर झोळीत ठेवाव्या तशा ठेवल्या. कपाट भिंतीपासून हातभर पुढं ओढलं, आणि उन्हाळ्यात कूलरची ओलसर हवा येणार नाही असं दाराआड सरकवलं. मग पलंगावर जाऊन आडवे झाले आणि कान दिला.

"चालू कर."

"चालू आहे बाबा."

त्यांनी डोळे मिटले. मग विचारलं, "कोणासाठी करून राहिली एवढं?"

"यशदीपसाठी."

"त्याले देणार हे?"

"नाही. त्याले न देण्यासाठी."

हरिदासांनी कूस बदलली. ते या मुलीचे वडील होते. त्यांना पुढं विचारायची गरज वाटली नाही.

फोटो चढले तसं सर्व्हरवरच्या प्रोग्रॅमनं चेहरे ओळखायला सुरुवात केली. एक एक चेहरा गोलात दाखवून तो विचारायचा, हे कोण? चेतना नाव लिहायची. ईरा, आई, बाबा, साक्षी, सासूबाई. यशदीपचा चेहरा आला तेव्हा तिनं त्याचंही नाव लिहिलं. मग प्रोग्रॅमनं त्याला सगळीकडून हुडकून काढलं: आरशात दिसणारा, दुसऱ्याच्या खांद्यामागून अर्धा दिसणारा, वरातीतल्या गर्दीत मिठाच्या कणाएवढा. सगळे मिळून शेकडो. तिथंच एक सोय होती, ही व्यक्ती लपवा. ते केलं की तो माणूस असलेला कुठलाही फोटो, आधीचा किंवा नंतर चढवलेला, इतर कोणाला दिसत नसे. तिनं ते बटण दाबलं. फोटो पुसले नाहीत. नुसते झाकले. पुसणं त्याचं काम, असं ती मनाशी म्हणाली आणि त्यात तिला मोठेपणा वाटला, असं नाही. तिला मजा वाटली.

मग तिनं खाती वाटली. वडिलांना, मावशीला, साक्षीला. एका रविवारी बसनं अभनपूरला जाऊन सासूच्या फोनवरही तिनं ते बसवून दिलं. सत्यभामाबाई गोंधळल्या. सुनेनं घर सोडल्यापासून दोघी बोलल्या नव्हत्या.

"मले कायले देते बाई?"

"तुमची नात आहे त्याच्यात."

बोट कसं फिरवायचं ते दाखवून चेतना चहा न घेता निघाली. उपकार म्हणून ती गेलीच नव्हती. त्या घरात यशदीप दर रविवारी यायचा. आईच्या हातात सगळं दिसावं आणि त्याच्या हातात काही नसावं, यासाठी ती गेली होती. आणि ते तसंच झालं. साक्षीनं सांगितलं की दादानं आईचा फोन घेतला, बराच वेळ वरखाली केला आणि विचारलं, मले खातं कोण देईल? साक्षी म्हणाली, वहिनीले विचार. तो उठून बाहेर गेला. चेतनानं ही गोष्ट साक्षीला दोनदा सांगायला लावली.

तोवर कोर्टात दोघांच्या संमतीनं फारकत झाली होती. ईरा आईकडे, रविवारी काही तास बापाकडे.

साक्षीचा साखरपुडा ठरला. तिनं वहिनीला आग्रहानं बोलावलं आणि एक काम सांगितलं: हॉलमध्ये मोठ्या पडद्यावर घरातले जुने फोटो चालवायचे. अभनपूरच्या जुन्या अल्बममधले सगळे फोटो तिनं मोबाइलनं काढून आधीच सर्व्हरवर टाकले होते. पडद्यावर काय काय येणार, हे साखरपुड्याच्या धावपळीत साक्षीनं पडताळून पाहिलं नाही.

हॉल भरला. जयभीम झाले, वंदना झाली, अंगठ्या झाल्या. मग दिवे मंद झाले आणि पडद्यावर साक्षीचं बालपण सुरू झालं. साक्षी झोक्यावर. साक्षी बापाच्या सायकलवर. साक्षीचा बारावीचा निकाल. लोक हसत होते, नावं घेत होते. थोड्या वेळानं हसणं कमी झालं. पुढच्या रांगेतल्या एका काकूंनी शेजारणीला विचारलं आणि ते बऱ्याच जणांना ऐकू गेलं, "हिला भाऊ हाय नं? एकाबी फोटोत कसा नाही?"

यशदीप खांबाजवळ उभा होता, पाहुण्यांच्या पाण्याची व्यवस्था बघत. त्याच्या हातात ग्लासांचा ट्रे होता. सगळ्या माना त्याच्याकडे वळल्या. तो पडद्याकडे बघत राहिला. बाप होता, आई होती, बहीण होती, भिंतीवरचं घड्याळसुद्धा होतं, तोच नव्हता. जणू त्या घरात कधी जन्मलाच नाही. त्यानं ट्रे खाली ठेवला आणि मागच्या दारानं बाहेर पडला.

चेतना मागच्या रांगेत बसली होती. तिनं त्याचं तोंड नीट पाहिलं. ते तिला हवं होतं तसं होतं. पर्स उचलून ती निघाली.

साक्षीनं तिला दाराशी गाठलं. "वहिनी, माझ्या साखरपुड्यात?"

चेतना तिच्याकडे वळली. ती म्हणाली, "तुझ्याबद्दल वाईट वाटते मले." ते खरं होतं. बाकीच्याबद्दल तिला वाईट वाटत नव्हतं.

काही दिवसांनी सत्यभामाबाईंचा फोन आला. आवाज थकलेला होता.

"चेतना, याच्यात माझा पोट्टा दिसत नाही."

"आहे आई तो. झाकून ठेवला."

"काहून?"

"त्यानं माझी पोट्टी पुसली. माझी माय पुसली."

मग म्हातारी म्हणाली, "मी तं नाही पुसली."

"तुम्ही मटार सोलत होत्या."

हे तिच्या तोंडून निघालं तेव्हा तिला स्वतःलाच ऐकू आलं की तिनं हे किती सांभाळून ठेवलं होतं. सत्यभामाबाई म्हणाल्या, "हव. सोलत होती. मान वर केली असती तं मले रडू आलं असतं, अन् मंग त्यानं मले घराबाहेर काढलं असतं. मी त्याच्या जिवावर आहो बाई." मग म्हणाल्या, "तू नको दाखवू त्याले. मले दाखव. त्याचा बाप त्याले खांद्यावर घेऊन उभा आहे, तो एक फोटो होता."

चेतनानं त्या दिवशी सासूच्या खात्यापुरता एक वेगळा अल्बम काढला आणि झाकलेलं सगळं त्यात ठेवलं. हे तिनं मन विरघळून केलं, असं कोणाला वाटेल. पण सासूवरचा राग तिच्या हिशोबानं फिटला होता, आणि फिटलेला राग ती उगाच वाहत नसे. यशदीपचा फिटला नव्हता.

पुढच्या हिवाळ्यात सत्यभामाबाईंना लकवा मारला. शेवटचे काही आठवडे उजवा हात चालत नव्हता, तेव्हा फोन यशदीप धरायचा आणि बोटही तोच फिरवायचा. आई थांब म्हणाली की थांबायचं, पुढं म्हणाली की पुढं. त्या गेल्या. पुण्यानुमोदनाच्या विधीला चेतना ईराला घेऊन गेली, फुलं वाहिली, साक्षीजवळ बसली आणि यशदीपकडे न बघता परतली.

त्यानंतर साक्षीनं फोनवर सांगितलं, "वहिनी, दादा आईचा फोन घेऊन बसते. डबा खाताना, गाडीत, कुठंबी. आईचे अन् ईराचे फोटो पाहत राहते. नवीन बी पाहते, तू कालपरवा टाकलेले." साक्षीला वाटलं होतं की हे ऐकून वहिनीला काहीतरी होईल.

झालं. चेतना उठली, कॉम्प्युटरसमोर बसली आणि सत्यभामाबाईंचं खातं बंद केलं. खातं जिला दिलं होतं ती आता नाही, असं तिनं स्वतःला सांगितलं. पण बटण दाबताना तिच्या डोळ्यांसमोर सासू नव्हती. डबा खाता खाता पांढऱ्या झालेल्या पडद्याकडे बघत बसलेला यशदीप होता.

तो आला रविवारी सकाळी, ईराला न्यायला. एरवी गल्लीच्या तोंडाशी गाडीत बसून राहायचा. त्या दिवशी दारात आला. हरिदास म्हणाले, "ये," आणि खुर्ची दिली, पाणी दिलं. ईरा आत वेणी घालत होती.

तो वाळला होता. त्यानं चपला नीट जोडून दारात ठेवल्या होत्या, हे चेतनाच्या लक्षात आलं. तिच्यासोबत राहताना त्यानं असं कधी केलं नव्हतं.

"आईचं बंद झालं," तो म्हणाला.

"मी केलं."

"मले खातं नको. आईचे अन् ईराचे एकत्र आहेत, तेवढेच दे. पेनड्राइव्हवर दे. मी परत नाही मागणार."

या क्षणासाठी तिनं किती वाक्यं तयार ठेवली होती. ऑटोत, आंघोळ करताना, रिपोर्ट काढताना तिनं ती घासूनपुसून ठेवली होती. त्यातलं एकही तोंडात आलं नाही.

"नाही," ती म्हणाली.

"चेतना, मी चुकलो."

"माझ्या मायचा एक व्हिडिओ होता. तो कुठंच भेटला नाही मले. तो आणून दे, मी सगळं देतो तुले."

त्यानं खाली पाहिलं. तो आणू शकत नाही हे दोघांनाही माहीत होतं. मग त्यानं खोलीत इकडेतिकडे नजर फिरवली.

"कुठं ठेवलं हाय ते?"

"तुझ्या मागं."

तो वळला. जाळीचं कपाट त्याच्या खुर्चीपासून हातभर अंतरावर होतं. आत एक हिरवा दिवा होता. तो वाकून बघत राहिला, कान लावल्यासारखं. त्याचा बाप, त्याची आई, त्याची मुलगी, आणि झाकलेला तो स्वतःही, सगळं तिथं होतं आणि कसलाच आवाज येत नव्हता. चेतनाला वाटलं, हा आता हात घालेल. पण तो सरळ झाला, हरिदासांना "जयभीम, बाबा" म्हणाला आणि चपला घालून बाहेर जाऊन उभा राहिला.

हरिदासांनी रिकामा ग्लास उचलला. "देऊन टाकाचे होते थोडेसे," ते म्हणाले.

"तुमच्या बायकोचा व्हिडिओ गेला बाबा."

"माहीत आहे मले." ते ग्लास घेऊन आत गेले.

ईरानं दाराआडून सगळं ऐकलं होतं. मराठी तिला सगळी कळते. उत्तर ती हिंदीत देते. बूट घालता घालता म्हणाली, "मम्मी, मेरे टैब में तो सब है. मैं पापा को दिखा दूँ?"

चेतनाला हे कधीच सुचलं नव्हतं. ईराचं स्वतःचं खातं होतं. तिनंच तिला वाढदिवसाला दिलं होतं. नाही म्हणायला तोंड उघडलं, आणि मग तिनं विचार केला. ईरा लहरी होती. एक फोटो दाखवायची तर तीन पळवायची, मधेच कंटाळायची, खेळ लावायची. कोणी "परत दाखव" म्हटलं की मुद्दाम नाही दाखवायची. तिच्या हातातून कोणी टॅब घेतलेला तिला चालत नसे.

"तुझं आहे ते," चेतना म्हणाली. "तुला वाटेल तेव्हा दाखव. नाही वाटलं तर नको दाखवू. टॅब त्याच्या हातात नाही द्यायचा."

"क्यूँ?"

"कारण तो तुझा आहे."

संध्याकाळी ईरा परत आली. हातपाय धुतल्यावर सांगायला लागली. पापांबरोबर तलावावर गेलो, तिथं बाकावर बसून आजीचे फोटो दाखवले. पापा म्हणाले, थांब, आजीचा तो मागचा परत दाखव. मी म्हटलं, नंतर. मग त्यांनी परत म्हटलं, प्लीज.

"मग?"

"फिर मैंने दिखाया. फिर वो रोने लगे तो मैंने बंद कर दिया. फिर हमने डोसा खाया."

चेतना भाजी चिरत होती. माणसाला स्वतःच्या आईचा फोटो बघायला नऊ वर्षांच्या मुलीपुढं प्लीज म्हणावं लागतं, आणि ती देईल तेवढाच वेळ बघायला मिळतं, हे तिनं कुठल्याही वाक्यात मांडलं नसतं इतकं नेमकं झालं होतं. तिला बरं वाटलं. ते तिनं स्वतःपासून लपवलं नाही, आणि ईराला दिसू नये म्हणून मान खाली घालून कांदा घेतला.

ते आता दर रविवारी चालू आहे. साक्षी अजूनही अधूनमधून म्हणते, वहिनी, झालं नं आता. चेतना म्हणते, बघू. तिनं बघितलेलं नाही. उन्हाळा लागला की ती जाळीचं कपाट कूलरपासून आणखी थोडं लांब सरकवते, ओल्या फडक्यानं नव्हे, कोरड्यानं धूळ झटकते, आणि कामाला जाते.